‘मिरासदार’ ते ‘भोगवटादार’ : जमीनधारणेच्या मराठी परिभाषेचा ऐतिहासिक विचार

घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या हाती प्रथम कागदपत्रांचा एक गठ्ठा येतो. त्यात सात-बाराचा उतारा किंवा मिळकत पत्रिका असते, फेरफाराच्या नोंदी असतात, साठेखत व खरेदीखत असते, सूची क्रमांक दोनचा उतारा असतो आणि प्रसंगी एखादा भाडेपट्टाही असतो. ह्या सर्व कागदांतून त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : ह्या जागेचा मालक कोण? परंतु सात-बाराच्या उताऱ्यात ‘मालक’ नसतो, तेथे ‘भोगवटादार’ असतो. मिळकत पत्रिकेत ‘धारक’ असतो, ‘पट्टेदार’ असतो आणि ‘भार’ असतो. विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर ह्यांपैकी एकही शब्द देत नाही.

ही केवळ सरकारी भाषेची क्लिष्टता आहे, असा समज सामान्यतः रूढ आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. जमिनीसंबंधीचा प्रत्येक पारिभाषिक शब्द त्या त्या काळी कोणी तरी विचारलेल्या एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर म्हणून रूढ झालेला असतो. प्रश्न विचारणारा बदलला की शब्दही बदलतो. आजच्या खरेदीदाराचा प्रश्न ह्या कागदांना जन्म देणाऱ्यांनी विचारलेलाच नव्हता. म्हणून त्यांचे शब्द त्याला दिशाभूल करणारे वाटतात. हे विधान मराठी परिभाषेच्या इतिहासातून तपासून पाहणे, एवढाच ह्या निबंधाचा हेतू आहे.

१. मिरास

मराठेशाहीतील गावात जमीन कसणाऱ्यांचे दोन मुख्य वर्ग होते : मिरासदार आणि उपरी. मिरासदारालाच कित्येक ठिकाणी थळकरी म्हणत, आणि गावातील थळांची यादी म्हणजे थळझाडा. ‘थळ’ हा संस्कृत ‘स्थल’ शब्दापासून आलेला देशी शब्द होय, तर ‘मिरास’ हा अरबी. ज्या धातूपासून तो सिद्ध झाला, त्याच धातूपासून आपले ‘वारस’ आणि ‘वारसा’ हे शब्द आले आहेत. अर्थात ‘मिरासदार’ ह्या शब्दाने सांगितली जाते ती गोष्ट ‘ही वस्तू माझी’ एवढीच नसून ‘ही मला वाडवडिलांकडून आली आणि माझ्या लेकराबाळांकडे जाईल’ अशी आहे. जुन्या मिरासपत्रांत व वतनपत्रांत लेकराचे लेकरी अनुभवून सुखरूप राहावे, अशा आशयाचे आश्वासन वारंवार येते. तेथील ‘अनुभवणे’ हे क्रियापद लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचा अर्थ उपभोग घेणे असा असून पुढे ‘भोगवटा’ ह्या शब्दात तोच भाव पुन्हा भेटणार आहे.

मिरासदारास जमीन विकता येई. सारा भरीत असेपर्यंत त्याला काढता येत नसे, आणि गाव सोडून गेलेला मिरासदार परत आला तर दीर्घ काळानंतरही बाकी चुकती करून आपल्या थळावर हक्क सांगू शके. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ह्या हक्काचे वर्णन आले आहे. ह्याउलट उपऱ्याचा संबंध मुदतीचा व कराराचा. तो गावात राहत असे, पण गावचा नसे. आजच्या मराठीत ‘उपरा’ म्हणजे परका, आणि हा अर्थ त्या काळच्या स्थितीचाच अवशेष आहे.

ह्या व्यवस्थेत हक्काचा पुरावा कागदात असे, तितकाच तो माणसांत असे. तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, शेजारी व बलुतेदार साक्ष देत, आणि निवाड्याचा महजर होई. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, तर कारागीर आपापल्या हत्याराची निशाणी करीत. त्या काळचा प्रश्न होता : हा कोणाचा कोण? त्याचे उत्तर गावाला ठाऊक असे, आणि कागद त्या जाणतेपणाची नोंद करीत असे.

२. कब्जेदार

इंग्रजी अंमलाचा प्रश्न वेगळा होता. जमिनीच्या ह्या तुकड्याचा सारा कोणाकडून वसूल करावयाचा, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिची तत्त्वे निश्चित केली, १८६५ च्या कायद्याने तिला अधिष्ठान दिले, आणि १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने ती सर्व व्यवस्था एका ग्रंथात बांधली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, हद्दीला दगड लागले, तीस वर्षांसाठी आकार ठरला आणि क्रमांकापुढे एक नाव लिहिले गेले. ते नाव सारा भरण्यास जबाबदार असलेल्या इसमाचे होते.

त्या इसमाला संहितेने ‘मालक’ म्हटले नाही. तो जमीन ताब्यात ठेवणारा होय, एवढेच म्हटले. मराठी नमुन्यांत त्याकरिता ‘कब्जेदार’ हा शब्द रूढ झाला. ‘कब्जा’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मूठ किंवा पकड. मिरासदार आणि उपरी हा जुना भेद ह्या एका शब्दात विरघळून गेला. सारा भरीत असेपर्यंत दोघांनाही वंशपरंपरेने चालणारा व हस्तांतर करता येणारा हक्क प्राप्त झाला. उपऱ्याच्या दृष्टीने ही बढती होती. मिरासदाराच्या दृष्टीने मात्र वारशाची जागा ताब्याने घेतली. पुढे १९०१ च्या दुरुस्तीने सरकारास विक्रीला प्रतिबंध घालून जमीन देता येऊ लागली. तिला लोकांनी ‘नवी शर्त’ असे नाव दिले, आणि मग पूर्वीच्या जमिनी आपोआप ‘जुन्या शर्तीच्या’ ठरल्या.

महसुलाच्या ह्या नोंदीत प्रत्यक्ष हक्कांचे चित्र उमटत नाही, ही अडचण लवकरच जाणवली. म्हणून १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला. आज ज्याला आपण सात-बारा म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा ह्यांचा संयुक्त उतारा होय. सातव्यात अधिकारांची नोंद, बाराव्यात पिकांची. नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, गहाण ह्यांपैकी काहीही घडले की त्याची नोंद प्रथम सहाव्यात होते व मंजुरीनंतर सातव्यात उतरते.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जुनी संहिता रद्द केली. शिवकाळी राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तसाच एक प्रयत्न संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर राजभाषेच्या बाबतीत झाला. ‘कब्जेदार’ मागे पडून ‘भोगवटादार’ आला, ‘हक्कनोंदणी’च्या जागी ‘अधिकार अभिलेख’ आला. परंतु शब्द बदलला तरी संकल्पना बदलली नाही. संहितेच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची आहे. म्हणजे ती गृहीतक आहे, निर्णय नव्हे. फेरफाराची नोंद महसुलापुरती असते, तिने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निवाड्यांत पुनःपुन्हा सांगितले आहे. ‘सात-बारा नावावर झाला, आता जमीन आपली’ हे आपल्याकडे नित्य ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अर्धवट खरे आहे.

३. मुंबई बेट

मुंबई शहरातील जमिनीची कथा दख्खनपेक्षा निराळी आहे, आणि भाडेपट्ट्याचा विचार करण्यापूर्वी ती पाहणे आवश्यक आहे. बेट प्रथम पोर्तुगिजांकडे होते. ते १६६१ च्या विवाहतहाने इंग्लंडच्या राजाकडे व १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. १६७२ मध्ये गव्हर्नर जेरल्ड आँजियरने रहिवाशांशी करार केला. त्यांनी दरसाल २०,००० झेराफिन द्यावे आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे कायम राहाव्यात, असे त्याचे स्वरूप होते.

पोर्तुगिजांनी मागे ठेवलेले शब्द मात्र बेट सोडून गेले नाहीत. ‘फोरो’ म्हणजे जमिनीबद्दल द्यावयाचा नियत खंड. त्यापासून ‘फोरास’ जमिनी झाल्या, आणि फोरास रोड ह्या जुन्या नावात तो शब्द राहून गेला. ‘फाझेंदा’ ह्या शब्दापासून ‘फजिंदार’ व ‘फजिंदारी’ हे शब्द तयार झाले. फजिंदारी जमिनीत भुई एकाची आणि तिच्यावर उभे असलेले घर दुसऱ्याचे, अशी विभागणी असते. घरवाला भुईवाल्यास भुईभाडे देतो. घर आणि त्याखालची जमीन ह्या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात, ही कल्पना मिरासदाराला चमत्कारिक वाटली असती. मुंबईकराला तिची फार पूर्वीपासून सवय आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने शहराची नव्याने आखणी केली आणि भूखंड विकून न टाकता पट्ट्याने दिले. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महानगरपालिकेत विलीन झाला व पट्टेही तिच्याकडे आले. पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोनेही नव्या मुंबईतील भूखंड ६० वर्षांच्या पट्ट्यानेच दिले. ९९९ वर्षे, ९९ वर्षे, ६० वर्षे असे मुदतींचे आकडे वेगवेगळे असले तरी त्यांच्यामागील कायदेशीर कल्पना एकच आहे.

४. पट्टा आणि त्याची मुदत

‘पट्टा’ हा शब्द संस्कृत ‘पट्ट’ पासून आला. ज्यावर लिहावयाचे ती पाटी किंवा पत्रा, असा त्याचा एक अर्थ. ताम्रपटातील ‘पट’ त्याच्याच नात्यातला. आधी लेखनाचे साधन, मग लेख, आणि शेवटी लेखाने मिळालेला हक्क, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्री म्हणजे मालकीचे हस्तांतरण, तर कलम १०५ प्रमाणे पट्टा म्हणजे मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काचे हस्तांतरण. येथे ‘अनुभवावे’ हे जुने क्रियापद पुन्हा आले आहे, मात्र ‘लेकराचे लेकरी’ हे शब्द गळून त्यांच्या जागी मुदत आली आहे.

मुदत संपली की कलम १११ अन्वये पट्टा संपतो. शर्तभंगानेही तो संपुष्टात येऊ शकतो. पट्टेदारास आपला हक्क विकता येतो काय, त्यासाठी पट्टाकाराची परवानगी व शुल्क लागते काय, मुदतीअंती नूतनीकरणाचा हक्क आहे की ती केवळ मेहेरबानी आहे, आणि नव्या मुदतीचे भुईभाडे कशावर ठरावयाचे, हे सर्व पट्ट्याच्या मजकुरावर अवलंबून असते. म्हणून पट्ट्याच्या जमिनीवरील घराची किंमत ठरविताना किती वर्षे मिळाली होती ह्यापेक्षा किती वर्षे उरली आहेत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

प्रस्तुत लेखकास ह्या विषयाकडे वळविणारा प्रसंग येथे सांगणे अस्थानी होणार नाही. स्वतःसाठी सदनिका घेतली त्या वेळी ‘मालकी हक्काची सदनिका’ हे शब्द त्याने शंभर वेळा ऐकले होते व स्वतःही उच्चारले होते. इमारतीखालील जमीन साठ वर्षांच्या पट्ट्याची असून त्यांपैकी सत्तावीस वर्षे उलटून गेली आहेत, हे त्यास करारनामा दुसऱ्यांदा वाचताना, तेही परिशिष्टात, आढळले. कोणीही काही लपविले नव्हते. सर्व काही लिहिलेले होते आणि खाली सहीही त्याचीच होती. आयुष्यभर शब्दार्थ शिकविणाऱ्या माणसाने घर घेताना ‘पट्टेदार’ हा शब्द वाचला आणि ‘मालक’ असा समजून घेतला. उरलेली तेहतीस वर्षे त्याच्या स्वतःच्या हयातीस कदाचित पुरतील, पण त्याच्या मुलीने त्या घराचा विचार कसा करावा, हा प्रश्न त्या दिवसापासून घरात आहे. मिरासपत्रातील ‘लेकराचे लेकरी’ ह्या शब्दांचे मोल त्याला तेव्हा कळले.

शासनाने २०१९ मध्ये भोगवटादार वर्ग दोनच्या व पट्ट्याच्या काही जमिनी अधिमूल्य घेऊन वर्ग एकमध्ये रूपांतरित करण्याचे नियम केले. परिभाषेच्या अभ्यासकास त्यातील एक गोष्ट लक्षणीय वाटेल. जमिनीवरील निर्बंध सुटले, मुदत गेली, तरी जो दर्जा मिळतो त्याचे नाव ‘भोगवटादार वर्ग एक’ हेच आहे. सर्वांत वरच्या पायरीवरही महसुली भाषा ‘मालक’ म्हणत नाही.

५. दस्त आणि त्याची नोंद

महसुली नोंद मालकी सांगत नसेल तर नोंदणी कार्यालय तरी सांगते काय? १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने स्थावराच्या विक्रीचा दस्त नोंदविणे आवश्यक केले आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यासही नोंदणी लागते. परंतु येथे नोंद होते ती दस्ताची. ‘दस्त’ म्हणजे फार्सीत हात. दस्तऐवज म्हणजे हाती धरावयाचा आधार. मराठी दस्तात पक्षकारांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणतात, आणि ही नावे अत्यंत प्रामाणिक आहेत. अमुक माणसाने अमुक माणसास अमुक मजकूर लिहून दिला, ह्याची दुय्यम निबंधक ग्वाही देतो. लिहून देणाऱ्याजवळ देण्यासारखा हक्क होता की नाही, ह्याची ग्वाही तो देत नाही. रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या पद्धतीत सरकारी नोंदवही स्वतःच मालकीचा पुरावा होते. आपल्याकडे तसे नाही. म्हणूनच आपल्याकडे वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घेण्याची प्रथा आहे. गोतसभेचे काम आता सूची क्रमांक दोनची पाने करतात, आणि ती पाने काही विचारल्यावाचून बोलत नाहीत.

ह्या संदर्भात तीन शब्द विशेष जपून वाचावे लागतात. पहिला ‘साठेखत’. ह्यातील पूर्वपद ‘साटे’, म्हणजे सौदा. ‘साटेलोटे’ ह्या जोडशब्दात ते अद्याप जिवंत आहे. ‘ट’चा ‘ठ’ होऊन आज तो शब्द साठ्याशी संबंधित वाटू लागला आहे. साठेखत हा विक्रीचा करार होय. कलम ५४ प्रमाणे केवळ अशा कराराने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. दुसरा ‘कुलमुखत्यारपत्र’. ह्यातील ‘कुल’ हा अरबी असून त्याचा अर्थ ‘सर्व’. शेतकऱ्याच्या ‘कूळ’ ह्या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध नाही. कुलमुखत्यारपत्रावर घर विकत घेतल्याने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले. तिसरा शब्द सात-बारावरील ‘इतर अधिकार’. ह्या लहानशा रकान्यात कुळाचे नाव, कर्जाचा बोजा, हस्तांतरावरील निर्बंध ह्यांची नोंद असते. घाईत वाचणारा वरचे नाव पाहून थांबतो आणि खरी गोष्ट खाली राहते.

६. मालकी हक्काची सदनिका

‘मालकी’ हा शब्द कायद्याच्या शीर्षकात ठळकपणे आला तो सदनिकांच्या निमित्ताने. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत भाड्याची घरे बांधणे किफायतशीर राहिले नाही आणि पागडीची चाल बोकाळली. डोईवरच्या सन्मानवस्त्राचे नाव भाडेकराराच्या गुप्त अधिमूल्यास मिळाले. त्याला पर्याय म्हणून जी घरे विकली जाऊ लागली, ती ‘ओनरशिप’ची घरे. त्यांच्या नियमनासाठी १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम झाला.

परंतु ह्या कायद्याच्या रचनेत मालकी दोन टप्प्यांनी येते. प्रथम नोंदणीकृत करारनामा होतो. मग खरेदीदारांची सहकारी संस्था स्थापन होते आणि प्रवर्तकाने जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावयाची असते. हा दुसरा टप्पा ज्या इमारतींत घडलाच नाही, तेथे लोक वर्षानुवर्षे आपल्या घरात राहतात, घरपट्टी भरतात, भागदाखला जपून ठेवतात, आणि मिळकत पत्रिकेवर मात्र मूळ जमीनमालकाचेच नाव असते. इमारत जुनी होऊन पुनर्बांधणीची वेळ आली म्हणजे ही उणीव उघडकीस येते. ह्यासाठी २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद झाली. प्रवर्तकाने दस्त करून दिला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून तो झाल्याचे मानून घेता येते. ‘अभिहस्तांतरण’ हा शब्द जीभ अडखळविणारा आहे खरा, परंतु त्याच्या अभावी माणसाची स्थिती काय होते, हे आपल्या जुन्या भाषेने एका शब्दात सांगून ठेवले आहे. गावात राहणारा, सारा भरणारा, पण ज्याचे थळ नाही, तो उपरी.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. ‘मिरासदार’ हा शब्द ‘कोणाचा वारस?’ ह्या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘कब्जेदार’ व ‘भोगवटादार’ हे शब्द ‘सारा कोण देणार?’ ह्याचे, ‘लिहून देणार’ हा शब्द ‘दस्त कोणी केला?’ ह्याचे, आणि ‘पट्टेदार’ हा ‘कोणत्या मुदतीपर्यंत?’ ह्याचे. ‘मालक’ ह्या शब्दाचे मूळ ‘मुलूख’ शब्दाच्या मुळाशी एकरूप आहे. त्यात सत्तेचा भाव आहे, आणि कदाचित त्यामुळेच कोणत्याही राजवटीने तो रयतेच्या नावापुढे लिहिण्याची घाई केली नाही.

ह्यावरून नवी परिभाषा घडवावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. शब्द बदलून व्यवस्था बदलत नाही, हे ‘कब्जेदारा’चा ‘भोगवटादार’ झाला तेव्हाच दिसले आहे. सुचवावयाचे ते इतकेच की, ह्या कागदांपैकी कोणताही एक कागद ‘मालक कोण’ ह्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देण्यासाठी निर्माण झालेला नाही. ते उत्तर सर्व कागद एकमेकांशेजारी ठेवून, प्रत्येकास त्याच्या स्वतःच्या प्रश्नापुरते बोलू देऊन काढावे लागते. मोडी कागदांचा अभ्यासक हे काम दोनशे वर्षांपूर्वीच्या महजरावर करतो. आपल्या विभागातील विद्यार्थी उद्या घर घेतील, तेव्हा त्यांनी तेच काम स्वतःच्या करारनाम्यावर, आणि शक्यतो सही करण्यापूर्वी, करावे.